तारवाल्याशी बारी

मंगळवार, २ डिसेंबर २०२५

नवा गाणारा आला. वय एकाहत्तर, कोट लालभडक, दाढी पांढरी आणि नाव लॉर्ड टेलिग्राम. पासपोर्टवर एगबर्ट जोसेफ आहे, पण त्या नावानं हाक मारलेली त्याला चालत नाही म्हणे. वेस्ट इंडिजकडच्या टोबॅगो बेटावरचा. बारमधल्या सॅव्हियोच्या मोबाईलवर नकाशा पाहिला. बोट ठेवलं की बेट दिसेनासं होतं. तिकडे कॅलिप्सो म्हणून गाणं असतं. गिटार घ्यायची आणि गावातल्या बातम्या, भानगडी, पुढाऱ्यांच्या कुलंगड्या यमकात सांगायच्या. गाणारे स्वतःच स्वतःला लॉर्ड, मायटी अशी नावं लावून घेतात. कुठल्या गावचे लॉर्ड, हे कुणी विचारत नसावं.

सोळा वर्षं मी मस्कतच्या ह्या हॉटेलच्या लाउंजमध्ये साउंड सांभाळतोय. फिलिपिनो बँड आले, गोव्याचे आले, एक रशियन बाई व्हायोलिन घेऊन आली आणि महिनाभरात रडत परत गेली. माझं कुणाशी वाकडं नव्हतं. ह्या म्हाताऱ्याशी पहिल्या दिवसापासून आहे. माइक तपासताना मला म्हणतो, "मिस्टर रमण, माझा आवाज नका वाढवू, माझे शब्द वाढवा." शब्द वाढवायचं बटण कुठल्या कंपनीचं येतं तेवढं त्यानं सांगावं, मागवून घेतो.

आणि टेलिग्राम! दुसरं नाव नाही मिळालं ह्याला. आमच्या घरी आयुष्यात एकच तार आली, आणि ती मी वाचली.

फेब्रुवारीत रमजान लागतो, तेव्हा गाणंबजावणं बंद. म्हणजे अडीच महिने सोसायचं. ईदनंतर त्याला पुन्हा बोलवायचं की नाही ते वरचे लोक ठरवतील. त्याला बोलावलं नाही तर मी नारळ फोडीन.

शनिवार, ६ डिसेंबर

गुरुवारच्या कार्यक्रमाबद्दल लिहायला दोन दिवस लागले. त्याआधी लिहिलं असतं तर पेनानं कागद फाटला असता.

ह्या माणसाची एक खोड आहे. शेवटच्या गाण्यात तो समोर बसलेल्या माणसांवर तिथल्या तिथे कडवी रचतो. सॅव्हियो ग्लास पुसून पुसून काच पातळ करतो, असं गायला. सॅव्हियो वसईचा, त्याला हसायला निमित्त लागत नाही. आमचे मॅनेजर अम्मारसाहेब ओमानी, तरुण माणूस, अंगातली पायघोळ पांढरी डिशडाशा कायम कडक इस्त्रीची. तिला सुरकुती पडायची झाली तर ती आधी साहेबांकडे अर्ज करते, असं गायला. साहेबही हसले. मग गिटारचं तोंड माझ्याकडे वळलं.

"आमचा मिस्टर रमण. कान सोन्याचे, तोंडाला कुलूप. साऱ्या जगाचा आवाज वाढवतो, स्वतःचा ठेवतो शून्यावर. रमण, रमण, चावी कुठं टाकलीस?"

एवढं गाऊन थांबला. नुसती गिटार वाजवत माझ्याकडे बघत राहिला, चांगली आठ आवर्तनं. साठ-सत्तर माणसं माना वळवून माझ्याकडे बघतायत, हसतायत, आणि मी बटणांमागे उभा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याचा आवाज बंद करणं माझ्या एका बोटाचं काम होतं, पण नोकरी आहे.

कालपासून स्टाफ बसमध्ये जो तो विचारतोय, "रमणभाऊ, चावी गावली काय?"

सोमवार, ८ डिसेंबर

कंपनीनं त्याला वादी अदाईच्या आमच्याच स्टाफ बिल्डिंगमध्ये खोली दिली आहे, माझ्या डोक्यावर. सकाळी सहाला आंघोळ करताना गातो. तेही सोसलं. आज मात्र हद्द झाली.

रुवीच्या केरळवाल्याकडून मी परवा अळूची पानं आणली होती. फ्रिजमध्ये माझ्या नावाच्या पिशवीत होती. दुपारी किचनमध्ये गेलो तर पिशवी रिकामी, आणि हा माझ्याच टोपात अळू, नारळाचं दूध आणि खेकडा एकत्र रटरटवत बसलेला. सोमवारी! माझ्या टोपात खेकडा, सोमवारी! मी तोंडाला येईल ते बोललो. तो म्हणाला, "आमच्या बेटावर ह्याला कॅललू म्हणतात. माझी आई रविवारी करायची. ही पानं इथं बघितली आणि राहवलं नाही." माझ्यासाठी वाडगाभर काढून वर ताटली ठेवली होती. ती मी त्याच्यासमोर सिंकमध्ये ओतली. त्यानं टोप घासून जागेवर ठेवला.

वास बरा होता, हे खोटं कशाला लिहू.

रविवार, १४ डिसेंबर

आज हातात एचआरचा कसलासा कागद घेऊन माझ्या दारात आला. माझं पूर्ण नाव हवं होतं, स्पेलिंगसकट, गाव-तालुका आणि मोबाईल नंबर. कशाला म्हणून विचारलं तर म्हणतो, "रकाना आहे, भरावा लागतो." म्हणजे माझ्याविरुद्ध काहीतरी लिहितोय हे उघड आहे. कॅललू ओतल्याचं डोक्यात असणार. मी सगळं ठणकावून सांगितलं. मी कुणाला घाबरत नाही. नंबर असून उपयोग नाही हे त्याला माहीत नाही. अनोळखी नंबर मी उचलतच नाही. माझी बायको मंगला गावाहून ओरडते त्यावरून, पण तिकडून चांगली बातमी कधी कुणी दिली आहे?

शुक्रवार, २६ डिसेंबर

नाताळच्या कार्यक्रमात त्यानं स्वतःची कहाणी सांगितली. मी ऐकत नव्हतो, पण हेडफोन कानावर होता.

चौदाव्या वर्षी गावच्या पोस्टात तारा वाटायला लागला, सायकलवर. निम्म्या गावाला वाचता येत नसे, म्हणून हाच वाचून दाखवायचा. कुणी गेल्याची तार असली की दारात उभा राहून आधी त्या माणसाच्या चार चांगल्या गोष्टी चालीवर म्हणायचा आणि मग कागद उघडायचा. लोक ओळखायला लागले: पोरगा गाताना दिसला की बायका चूल विझवायच्या. पुढे पोस्टमास्तरणीच्या भानगडीवर गाणं रचलं, नोकरी गेली आणि नाव मिळालं. मग बोटीनं त्रिनिदादला, राजधानीत. तिथे कार्निव्हलच्या आधी कॅलिप्सोचे तंबू लागतात. एक स्पर्धा अशी असते की दोन गाणारे समोरासमोर उभे करतात, डब्यातून विषय काढतात आणि एकेक कडवं जागच्या जागी रचून एकमेकांची सालं काढायची. जो अडला तो हरला. ह्यात हा दोनदा राजा झाला. मग मोठ्या स्पीकरचं नवं संगीत आलं, तंबू ओस पडले, आणि राजेसाहेब पर्यटकांच्या बोटीवर चढले. एकोणीस वर्षं तीच चार गाणी. बायको किनाऱ्यावर वाट बघून कंटाळली आणि निघून गेली.

शेवटी म्हणाला, "आयुष्यात चारशे तारा पोचवल्या. मला एकही आली नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कीव भाकून टाळ्या घ्यायचं तंत्र जुनं आहे. मीही वापरलंय.

कारण समोरासमोर उभं राहून सालं काढणं मला कुणी शिकवायला नको. आमच्या संगमेश्वर तालुक्यात शक्ती-तुऱ्याची बारी होते. एक पार्टी शक्तीची, एक तुऱ्याची, दोन शाहीर. ह्यानं टोमणा मारायचा, सवाल टाकायचा, त्यानं गाण्यातच उत्तर द्यायचं. मी तुऱ्याचा शाहीर होतो. बत्तीस वर्षं झाली. इथं कुणाला माहीत नाही आणि माहीत व्हायचं कारणही नाही.

शनिवार, ३ जानेवारी २०२६

चोर! दुसरा शब्द नाही.

परवा, एक तारखेच्या कार्यक्रमात त्यानं माझ्यावरचं कडवं गायलं, ते माझ्याच चालीवर. माझ्या गणाची चाल! मी स्वतः बांधलेली, तेविसाव्या वर्षी, भात झोडताना. मला आधी कळेचना की ही इथं आली कुठून. सॅव्हियोला विचारलं तर तो म्हणाला, "रमणभाऊ, तुम्ही रोज दुपारी माइक टेस्ट करता तेव्हा काय म्हणता?"

मी 'हॅलो हॅलो' म्हणतो.

"नाही म्हणत. दोनदा हॅलो म्हणता आणि मग हेच गुणगुणता. मी दहा वर्षं ऐकतोय. तो म्हातारा पण मागच्या खुर्चीत येऊन बसतो ना रोज, डोळे मिटून."

मला वाटायचं तो झोपतो.

आजपासून माइक टेस्टला आकडे मोजणार. वन, टू, थ्री.

रविवार, १८ जानेवारी

आज लेखी तक्रार दिली. एचआरमधल्या लविनाच्या हातात. ती म्हणाली, "अंकल, शुअर ना? एकदा इनवर्ड झालं की मग माझ्या हातात राहत नाही." मी म्हटलं, शिक्का मार.

गुरुवारी त्यानं कळस केला. पुन्हा तेच कडवं, पुन्हा माझी चाल, आणि ह्या वेळी गिटारची आठ नाही तर सोळा आवर्तनं माझ्याकडे बघत. नेहमी येणारा एक म्हातारा ओमानी गिऱ्हाईक टेबलावर ताल धरून ओरडला, "जवाब दो, जवाब दो!" मग सगळे. मी केबल शोधायचं निमित्त करून बटणांच्या टेबलाखाली वाकलो आणि गाणं संपेपर्यंत वर आलो नाही. छप्पन्नाव्या वर्षी टेबलाखाली! गुडघा अजून दुखतोय.

तक्रार इंग्रजीत लिहिली, तीन रात्री कच्ची करून. एक, सदर कलाकारानं माझ्या तोंडाला कुलूप आहे असं जाहीरपणे म्हटलं. दोन, माझी चाल न विचारता घेतली. तीन, तो माझ्याकडे असा बघतो की जणू मी त्याचं एक उत्तर देणं लागतो. चार, माझी भांडी. ह्या वयाच्या माणसाची मानहानी हॉटेलच्या नियमात बसते का, हे कळवावं. खाली सही.

मनावरचं ओझं उतरलं. जेवण गेलं नाही ते ॲसिडिटीमुळे.

मंगळवार, २० जानेवारी

अम्मारसाहेबांनी बोलावलं. तक्रार समोर होती. चहा मागवला. साहेब हिंदी छान बोलतात.

"रमणभाई, माझे आजोबा रुस्ताकचे. ईदला तलवारी आणि ढोल घेऊन रझ्हा होतो ना, त्यात ते कविता करायचे. एकदा शेजारच्या गावच्या कवीला त्यांनी लागोपाठ तीन ईद शिव्या दिल्या. सगळ्या कवितेत. चौथ्या ईदला त्यानं उत्तर दिलं. मग दोघं एका ताटात जेवायला बसले. ज्याची लायकी नाही त्याला कुणी कवितेत शिवी देत नाही."

मी म्हटलं, साहेब, हे हॉटेल आहे, रुस्ताक नाही.

साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "हा कागद मी उद्या वर पाठवला की वरचे त्याचा त्यांना हवा तसा उपयोग करतील. ते कधीपासून कारण शोधतायत. आज घेऊन जा. मी बघितलाच नाही असं समजतो."

कसलं कारण, ते मी विचारलं नाही. मला एवढंच दिसलं की साहेबसुद्धा त्याच्याच बाजूचे. "पाठवा," म्हटलं.

"खलास," साहेब म्हणाले आणि कागद फाईलला लावला. चहा मी अर्धा ठेवला.

शुक्रवार, ३० जानेवारी

सकाळी किचनमध्ये तो टेबलाशी बसून कागद वाचत होता. चष्मा नाकावर, पेन्सिल हातात. माझीच तक्रार. कलाकाराला प्रत द्यावी लागते म्हणे.

भांडणाला मी तयार होतो. काय काय बोलायचं ते जिन्यातच ठरवून आलो होतो. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "तिसरी ओळ चांगली जमलीय. जणू मी त्याचं एक उत्तर देणं लागतो. ही ओळ मला सुचायला हवी होती." पेन्सिलीनं त्याखाली रेघ मारली. "फक्त यमक नाही."

मी चहा न करताच वर आलो. ह्याला राग कसा येत नाही? राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

वरून निर्णय आला. रमजाननंतर लाउंजमध्ये लाइव्ह म्युझिक बंद. 'स्टाफच्या तक्रारी लक्षात घेता' असं पत्रात लिहिलंय. तक्रारी. मी एकच दिली होती. लॉर्ड टेलिग्रामचा शेवटचा कार्यक्रम गुरुवारी बारा तारखेला, चौदाला विमान. ईदनंतर एक मुलगा लॅपटॉप घेऊन येणार.

नारळ आणायचा राहिला.

लविनाचा फोन आला, खाली या म्हणून. लॅपटॉपवाल्याला साउंडचा वेगळा माणूस लागत नाही. माझी पोस्ट रद्द. एक मार्चपासून म्हटलं होतं, पण लाउंज बंदच असल्यानं रमजान लागला की लगेच माबेलाच्या गोडाऊनला जायचं, लाँड्रीचा माल सांभाळायला. पगार तोच. लविना पत्रावर माझी सही घेताना माझ्याकडे बघत नव्हती.

साहेबांनी कागद परत घे म्हटलं होतं, त्याचा अर्थ आज लागला. माझ्याच हातानं मी माझ्या पायाखालची फळी काढली, आणि तीही शुद्ध इंग्रजीत. हेसुद्धा त्या म्हाताऱ्यामुळेच.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

मंगलाला सगळं सांगितलं. वाटलं, बाजू घेईल. अडतीस वर्षांचा संसार आहे.

ती म्हणाली, "तेव्हा पन तुम्ही हेच केलंत."

मी म्हटलं, काय?

"शक्तीवाल्या धनंजय शाहिराच्या बारीला. मी मांडवात व्हते, इसरलांत? त्यानं तुमच्या बापाच्या तारेवर कडवं टाकलं. तुम्ही उत्तर दिलं नाय. उतरलांत आन् पोलीस पाटलाकडं अर्ज दिलात. त्याच्या पार्टीला गावबंदी केलीत. तो बिचारा वाट बघत उभा व्हता, तुम्ही काय बोलताय म्हनून."

मी म्हटलं, त्यानं माझ्या बापावर गायलं होतं, मंगला. बाराव्या वर्षी बाप गेल्याची तार मी वाचली आणि डोळ्यातून टिपूस काढलं नाही, असं गायला होता. भर मांडवात.

"व्हय. आन् ते खरं व्हतं. म्हनूनच तर तुम्हाला गाता आलं असतं." मग बराच वेळ तिच्या बांगड्यांचा आवाज येत राहिला, तांदूळ निवडत असावी. "गान्याला गान्यानं उत्तर द्यायचं असतं, अर्जानं नाय. आख्ख्या तालुक्याला म्हाईत हाय. तुम्हालाच कसं नाय?"

मी फोन ठेवला. लाज वाटली. राग आला. दोन्ही एकदम आलं की काय करायचं ते मला ह्या वयातही कळत नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

काल झालं ते क्रमानं लिहितो.

लाउंज भरलं होतं. साहेब मागे उभे होते. म्हातारा लाल कोटात, नेहमीसारखा. शेवटच्या गाण्यात सॅव्हियो, साहेब, तो जवाब मागणारा ओमानी, सगळ्यांवर एकेक कडवं टाकलं. मग माझ्याकडे वळला. वाटलं, आज तक्रारीवर गाणार. मी दात आवळून उभा राहिलो. पण तो तेच जुनं कडवं गायला. कान सोन्याचे, तोंडाला कुलूप, चावी कुठं टाकलीस. आणि थांबला. गिटार चालू, नजर माझ्यावर.

माझ्या टेबलावर एक माइक असतो, स्टेजवर सूचना द्यायला. मी तो हातात घेतला आणि माझ्या स्वतःच्या आवाजाचा फेडर शून्यावरून वर ढकलला. सोळा वर्षांत पहिल्यांदा. वाटलं होतं आवाज फुटेल. फुटला, पहिल्या ओळीत. मग लागला.

लाल कोट, पांढरी दाढी, नाव लावलंय लॉर्ड,
बेट एवढं, की नकाशावर मावेना त्याचा बोर्ड!
सोमवारी खेकडा शिजवलास माझ्या टोपात,
अळू माझा, चाल माझी, मिरवतोस थाटात!
दोनदा राजा झालास, बुवा, मुकुट कुठं हरवला?
बोटीवरच्या पाहुण्यांपुढं गहाण का रे ठेवला?
चारशे तारा वाटल्यास तू, फिरलास दारोदार,
तुझी जेव्हा येईल, बुवा, वाचील कोण तार?

कुणाला शब्द कळला नाही, सॅव्हियो सोडून. तो बारच्या फळीवर डोकं टेकून हसत होता, आणि शेवटच्या दोन ओळींना त्याचं हसू थांबलं. म्हाताऱ्याची बोटं माझ्या चालीवर अचूक चालत होती. मी गायचा थांबलो. सवाल समजल्याशिवाय बारी होत नाही, म्हणून शेवटची ओळ माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितली. तुझी तार येईल तेव्हा वाचणार कोण?

हे बोलायला नको होतं, असं सगळ्यांच्या तोंडावर होतं. पण बारीत असंच बोलतात. जिथं दुखतं तिथंच बोट ठेवतात.

तो वाजवत राहिला. आठ आवर्तनं, सोळा, चोवीस. ओठ एकदा हलले. उत्तर आलं नाही. मग गिटारवर हात आडवा ठेवला, हॅट काढली आणि माझ्यापुढे कमरेत वाकला. टाळ्यांनी छत खाली यायचं बाकी होतं.

जो अडला तो हरला. त्याच्या तंबूत तोच नियम आणि आमच्या मांडवातही. दोनदा राजा झालेला माणूस माझ्यापुढे अडला. मी जिंकलो. बत्तीस वर्षांनी. मंगलाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. जेवलांत का?"

आज सकाळी वरून आंघोळीचं गाणं ऐकू आलं नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

काल दुपारी गेला. कंपनीच्या गाडीत सामान ठेवायला सॅव्हियो गेला होता, मी खिडकीतून बघत होतो. खाली जाऊन काय बोलायचं? जिंकलेल्यानं आधी बोलायचं नसतं. त्यानं वर बघून हात केला. मी पडदा सोडला.

किचनमध्ये माझा टोप घासून पालथा ठेवलेला, आणि वर अळूची जुडी. नवी, केरळवाल्याची. भाजी केली. मीठ जास्त पडलं.

सॅव्हियो म्हणाला, पुन्हा बोटीवरच काम मिळालंय त्याला. पर्यटकांपुढे. तीच चार गाणी. मी म्हटलं, बरोबर झालं.

बुधवार, २५ फेब्रुवारी

माबेलाचं गोडाऊन. उशांचे अभ्रे, चादरी, पंख्याचा आवाज. इथं माइक नाही, त्यामुळे गुणगुणलेलं कुणाला कळत नाही. रमजानची वेळ, दोनला सुटी.

साडेबाराला गोडाऊनचा फोन वाजला. लविना होती, वैतागलेली.

"अंकल, मोबाईल का नाही उचलत? सकाळपासून चार वेळा केला!"

मी म्हटलं, अनोळखी नंबर मी उचलत नाही.

"ऑफिसचा नवा नंबर आहे तो. ऐका ना, लॉर्ड टेलिग्रामच्या बोटीच्या कंपनीनं व्हेरिफिकेशनला कागद पाठवलेत. एमर्जन्सी कॉन्टॅक्टला तुमचं नाव आहे. म्हणजे त्यांना काही झालं तर तुम्हाला कळवायचं. फक्त कन्फर्म करा, नंबर तोच ना?"

मी म्हटलं, माझं नाव कसं असेल? दुसरा कुणीतरी रमण असेल.

"अंकल, पूर्ण नाव आहे. तालुका संगमेश्वरपर्यंत. आणि नवीन कुठे? आमच्या फॉर्मवर पण तुमचंच होतं, डिसेंबरपासून. तुम्हाला विचारून नाही लिहिलं?"

एचआरचा कागद. स्पेलिंगसकट नाव. रकाना आहे, भरावा लागतो.

मी विचारलं, हा नवा फॉर्म कितीचा आहे? तारीख बघ.

"तेरा फेब्रुवारी. सकाळी माझ्याच टेबलावर बसून भरला त्यांनी, आत्ता आठवलं. मी म्हटलं पण त्यांना, अंकलनी तुमची कम्प्लेन केली, आणि तुम्ही परत अंकलचंच नाव टाकताय? तर नुसते हसले." मग म्हणाली, "एक प्रॉब्लेम आहे पण. नात्याच्या रकान्यात आमच्या फॉर्मवर 'साउंड मॅन' होतं. ह्याच्यावर 'प्रतिस्पर्धी' लिहिलंय. असं चालतं का?"

चालतं, म्हटलं. नंबर तोच आहे, म्हटलं. तिनं थँक्यू म्हणून फोन ठेवला. मी रिसीव्हर हातात धरून अभ्र्यांच्या गठ्ठ्यावर बसलो.

विचारायची पद्धत असते. माणसानं दुसऱ्याचं नाव असं परस्पर लिहू नये. माझा त्याच्यावरचा राग गेलेला नाही, खेकड्याचाही नाही. पण बारीचा नियम मी मोडणार नाही. मी बारा तारखेला सवाल टाकला, त्यानं तेरा तारखेला उत्तर दिलं, आणि खरं तर मी सवाल रचायच्या दोन महिने आधीच देऊन ठेवलं होतं. त्यावर माझ्याकडे कडवं नाही. मी हरलो.

बोटी कुठून कुठून फोन करतात, कोण जाणे. आता अनोळखी नंबर आला की उचलावा लागणार.